जेवढं ठाऊक तेवढंच

"एकाच वाढदिवसाला दोन जादूगार कुणी बोलावतं का?" क्लबहाऊसच्या दारात उभी असलेली वाढदिवसाच्या मुलीची आई हातातला फोन नवऱ्यासमोर नाचवत म्हणाली. नवऱ्याचं म्हणणं, त्याने आधी बुक केला होता. तिचं म्हणणं, वाढदिवसाचं सगळं ती बघणार हे ठरलेलं होतं. आणि सर्जापूर रोडवरच्या त्या उंच इमारतींच्या सावलीत दोन जादूगार आपापली पेटी पायाशी ठेवून एकमेकांकडे न बघता उभे होते.

त्यातली एक कस्तुरी. चामराजपेटच्या मुकुंदराव टेलरांची धाकटी मुलगी. वय वीस. अंगात बापाने शिवलेला काळा कोट, जरा सैल, कारण मुकुंदरावांना मुलगी अजून वाढेल असं वाटत होतं. दुसरा एक सडपातळ मुलगा होता. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या त्याने कोपराच्या वर दुमडल्या होत्या. हे कस्तुरीच्या लगेच लक्षात आलं. बाह्या दुमडून उभा राहणारा जादूगार म्हणजे स्वतःच्या हातांवर विश्वास असलेला माणूस.

शेवटी निम्मा वेळ त्याला, निम्मा हिला, असं ठरलं. तो आधी उभा राहिला. नाणं त्याच्या बोटांवरून उताणं-पालथं होत चालत गेलं, करंगळीपाशी नाहीसं झालं आणि वाढदिवसाच्या मुलीच्या कानामागून निघालं. मुलं हसली. कस्तुरीला मात्र हसू आलं नाही. असं नाणं चालवायला किती वर्षं बोटं झिजवावी लागतात ते तिला कळत होतं, आणि तिला स्वतःला ते येत नव्हतं.

मग ती पुढे झाली. मुलीच्या हातातला प्लास्टिकचा हिरवा डायनासोर मागून घेतला, टेबलावर ठेवला, वर लाल रुमाल टाकला आणि रुमालावर तळहात टेकला. रुमाल हळूहळू खाली बसत गेला आणि टेबलाला चिकटला. मुलं गप्प झाली. मागे खांबाला टेकून उभा असलेला तो मुलगा ताठ झाला. कस्तुरीने रिकामा रुमाल झटकून दाखवला, घडी केली, ती मुलीच्या ओंजळीत ठेवली, वरून हात धरला, आणि घडीतून हिरवी शेपटी बाहेर आली.

कार्यक्रम संपल्यावर ती गेटबाहेर ऑटोची वाट बघत फोनवर वडिलांशी बोलत होती. "अण्णा, स्वल्प उशीर होईल. तुम्ही जेवून घ्या."

"तुम्ही मराठी?" मागून आवाज आला. तोच मुलगा. "मी योगीराज. निपाणीचा. कोरमंगलात पीजीत राहतो. तो डायनासोर गेला कुठं?"

"गेला तसा आला ना?"

"तुमच्या बाहीत नव्हता. टेबलाखाली नव्हता. मी बघत होतो की."

"जादूगाराने जादूगाराला असं विचारू नये."

"बरं," तो म्हणाला. "मग स्पर्धेत बघतो. नाव दिलंय ना?"

नाव तिने दिलं होतं. शहरातल्या प्रत्येक तरुण जादूगाराने दिलं होतं. दक्षिणेतल्या गावोगावी जादूचे प्रयोग नेणारी एक कंपनी नव्या मुलांची स्पर्धा घेत होती. जो जिंकेल त्याला पुढच्या हंगामाचा दौरा, पोस्टरवर स्वतःचं नाव. मुकुंदरावांनी मुलीला सरळ सांगितलं होतं, "जिंकलीस तर जा बाई, मी अडवत नाही. नाही जिंकलीस तर मशीनवर बस, आणि तो कोट उसवून आपण कुणाला तरी जाकीट शिवू."

कस्तुरी जिंकणार याची तिला स्वतःला खात्री होती आणि त्याचीच लाज वाटत होती. बाकीचे खोटं इतकं घोटत होते की ते खरं वाटावं. तिचं खरं होतं, आणि ते लोकांना खोटं वाटावं म्हणून ती रुमाल नि हातवारे वापरत होती. तिच्या हाताखाली वस्तू खरीच जायची. कुठे, ते तिलाही ठाऊक नव्हतं. परत आणायची तर ती वस्तू मनात पुरती उभी करावी लागायची. तिचा रंग, वजन, कोपऱ्यातला टवका. मनात जेवढं उभं राहील तेवढंच परत यायचं. एकदा आईचा कुंकवाचा करंडा परत आला तो तळाशी कोरलेल्या नावावाचून, कारण कस्तुरीने करंडा उलटा करून कधी बघितलाच नव्हता.

आणि एकदा मांजर. तेव्हा ती शाळेत होती. शेजारच्या मालनबाईंची मांजर तिने टोपलीखाली घालवली आणि परत आणली. तीच पांढरी, कानावर तांबूस ठिपका, शेपटीचं टोक मोडलेलं, सायीला हपापलेली. सगळं बरोबर होतं. फक्त मालनबाईंच्या माळ्यावर तिची पिल्लं होती, हे कस्तुरीला माहीत नव्हतं. दुपारी पिल्लं ओरडायला लागली. मांजरीने एकदा वर पाहिलं, आणि जाऊन उन्हात बसली. मालनबाई कापसाच्या बोळ्याने दूध पाजत राहिल्या. पिल्लं जगली नाहीत. कस्तुरीने घरात कुणाला सांगितलं नाही, पण त्यानंतर जिवंत काही तिने हाताखाली घेतलं नाही.

पहिली फेरी दोघांनीही पार केली. दुसरीही. प्रत्येक फेरीत कस्तुरी रंगमंचावर आली की योगीराज विंगेत येऊन उभा राहायचा आणि तिच्या हातांकडे बघत राहायचा. तो आला की तीही बघायची. एकदा त्याच्या बोटाच्या पेराला पट्टी होती. पत्ते घासून कातडं गेलं होतं, तरी त्याच हाताने त्याने पंखा उघडला आणि एकही पत्ता घसरू दिला नाही. कस्तुरीला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग तो चामराजपेटला येऊ लागला. मुकुंदरावांकडे जाकीट शिवायला टाकलं. ते तयार झालं तर म्हणाला, खांद्यात घट्ट होतंय. सैल केलं तर म्हणाला, आता ढिलं वाटतंय. मग खिसा आत हवा, मग बाहेर हवा.

"हा पोरगा जाकीट घालायला शिवतोय का उसवायला?" मुकुंदराव चष्म्यावरून बघत म्हणाले.

"माझ्या कोटाचे खिसे तपासायला येतोय अण्णा," कस्तुरी म्हणाली. तिला तसंच वाटत होतं.

जाकिटाचं काम झालं की दोघं जवळच्या दर्शिनी हॉटेलात उभ्याउभ्या कॉफी प्यायचे. वन बाय टू, म्हणजे एकीतल्या दोन. योगीराज खूप बोलायचा. दिवसभर तो एका कंपनीत लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकायचा, त्यामुळे संध्याकाळी स्वतःचं बोलायला आसुसलेला असायचा. लहानपणी जत्रेत एका जादूगाराने त्याच्या तोंडातून अंडी काढली, त्याच्या आधीचा कुठलाच दिवस मला आठवत नाही म्हणायचा. हनुवटीखालचा व्रण दाखवायचा. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती, तिच्या लुगड्याला येणारा वास सांगायचा. आणि प्रत्येक वेळी शेवटी तोच प्रश्न. "तू कसं करतीस ते?"

एके दिवशी तिने सांगून टाकलं. का सांगितलं ते तिला नंतरही नीट कळलं नाही. कदाचित त्याच्या बोटावरची पट्टी बघून. करंडा सांगितला, मांजर सांगितली, पिल्लंही सांगितली.

तो पेला हातात धरून ऐकत राहिला. कॉफीवर साय धरली.

"म्हणजे तुला जेवढं ठाऊक तेवढंच परत येतं."

"हो. तू हसला नाहीस."

"हसू कशाला? तो डायनासोर मी बघितलाय की." त्याने पेला ठेवला. "तुझ्यासमोर मी पत्ते घेऊन काय उभा राहू आता? फायनलला मला दुसरं काहीतरी करायला पाहिजे."

"काय?"

"पाण्याची टाकी. वरनं कुलूप. आतनं सुटायचं."

"नको करूस."

"का? हरशील म्हणून?"

"नको करूस म्हणतेय ना."

तो हसला, आणि तिला वाटलं आता तो यायचा थांबेल. गुपित हाती लागलं, जाकीटही झालं. पण दोन-तीन दिवसांतच तो पुन्हा दारात उभा. या वेळी हातात पँट होती. कस्तुरीने पँट हातात घेतली आणि शिवण तपासायचं सोंग केलं. 'तू का येतोस' हे विचारणं किती सोपं होतं. पण तो म्हणाला असता, तुझी दुसरी युक्ती काय ते बघायला, तर? स्पर्धा होईपर्यंत तरी तिला ते ऐकायचं नव्हतं.

अंतिम फेरी कोरमंगलातल्या एका सभागृहात होती. खाली खुर्च्या भरलेल्या, मागे मुलं उभी. कंपनीचे मालक यशोवर्धन यांनी माईकवरून नवा नियम सांगितला. शेवटी उरलेले दोघं, म्हणजे कस्तुरी आणि योगीराज, एकमेकांचे सहायक होतील. प्रतिस्पर्धीच शेजारी उभा असला म्हणजे आतून कुणाची मदत असल्याचा संशय उरत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पडद्यामागे योगीराजने एका मुलीला पुढे केलं. "ही विद्या, माझी धाकटी बहीण. निपाणीहून आलीय." विद्याने कस्तुरीकडे जरा जास्तच वेळ बघितलं, मग तिचा हात हातात घेतला आणि काहीही न बोलता हसून खुर्चीत जाऊन बसली.

योगीराजचा प्रयोग आधी. टाकी जाड पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्याची, माणसाच्या उंचीहून थोडी जास्त. झाकणाला वरून कुलूप, आणि त्याची चावी पहिल्या रांगेत यशोवर्धनांच्या हातात. झाकणाच्या आतल्या बाजूला दोन खिट्ट्या. त्या ओढल्या की कुलूप जागच्या जागी राहून झाकणाची एक बाजू उघडायची. हे कस्तुरीला आता सांगणं भागच होतं, कारण टाकीभोवतीचा पडदा तीच ओढणार होती आणि पडद्याच्या आत तीच उभी राहणार होती.

"दोन टकटक म्हणजे ठीक," तो तिला हळूच म्हणाला. "सारखं वाजवत राहिलो तर ओरड. विंगेत कंपनीचा शिवकुमार हातोडा घेऊन उभा आहे."

"अजून सांगू शकतोस, करत नाही म्हणून."

"तुझ्यासमोर?" तो म्हणाला, आणि शिडी चढला.

पाणी त्याच्या डोक्यावरून गेलं. झाकण बसलं. यशोवर्धनांनी वर येऊन कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि खाली गेले. संगीत सुरू झालं, छाती हादरेल इतक्या मोठ्याने. कस्तुरीने पडदा ओढला आणि ती नि टाकी आत बंद झाली.

दोन टकटक. ठीक. त्याचे हात वर गेले. एक खिट्टी सरकलेली तिला दिसली. दुसरीवर त्याची बोटं गेली, ओढली, पुन्हा ओढली. खिट्टी हलली नाही. कुलूप ओढून बघताना झाकण तिरकं बसलं होतं आणि खिट्टी त्यात चेपली होती.

टकटक थांबेना.

"शिवकुमार," ती ओरडली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. तिने पडद्यातून हात बाहेर काढून हलवला. लोकांना तो प्रयोगाचाच भाग वाटला, टाळ्या पडल्या. ती शिडीवर चढली, झाकण दोन्ही हातांनी उपसू लागली. कुलूप खडखडलं, तेवढंच. खाली योगीराजने पाय टाकीच्या भिंतीला लावून अंग ताणलं. मग त्याच्या तोंडातून मोठा बुडबुडा निघाला आणि टकटक बंद झाली.

ती शिडीवरून कशी उतरली ते तिला आठवत नाही. त्याचा उघडा तळवा भिंतीला टेकला होता. डोळे तिच्याकडे होते, पण बघत नव्हते. विंगेपर्यंत धावायचं, शिवकुमारला समजवायचं, जाड पत्रा फोडायचा. तेवढा वेळ नव्हता. कस्तुरीने त्याच्या तळव्यासमोर आपला तळवा ठेवला.

टाकीतलं पाणी माणसाएवढं खाली बसलं.

पुढचं तिने घाईत केलं नाही. घाई केली असती तर तो अर्धाच आला असता. तिने अंगातला कोट काढून जमिनीवर पसरला, त्यावर दोन्ही हात टेकले आणि डोळे मिटले. बाहेर संगीत दणदणत होतं. हनुवटीखालचा व्रण. बोटांची पेरं. उंची, खांदे. ते तिला मुकुंदरावांच्या टेपमुळे पाठ होते. जत्रेतली अंडी. आईच्या लुगड्याचा वास. निपाणीतलं घर, त्याने सांगितलं तेवढं. विद्या. हसताना आधी डावीकडून हसतो. दर्शिनीत उभा राहून कॉफी निवेपर्यंत बोलतो.

आणि बोलताबोलता तिच्याकडे बघतो. इथे ती अडली. त्या बघण्यात काय होतं? तिला हवं होतं तेच असेल का? तिला माहीत नव्हतं. आपल्याला हवं ते त्याच्यात घालून त्याला परत आणलं, तर तो तिने शिवलेला माणूस होईल, तिच्या मापाचा. तिने तेवढी जागा रिकामी ठेवली.

हातांखाली कोट फुगला. ओला, गार, खोकणारा योगीराज जमिनीवर कुशीला वळला.

कस्तुरीने पडदा बाजूला ओढला.

सगळे लोक उभे राहिले. टाकी तशीच बंद, कुलूप तसंच, आणि मुलगा बाहेर. यशोवर्धन धावत वर आले, चावीने कुलूप उघडून लोकांना दाखवलं, रिकाम्या पाण्यात हात बुडवून दाखवला. असा प्रयोग मी आयुष्यात पाहिला नाही, असं माईकवर म्हणाले, आणि ते खरं होतं.

मग कस्तुरीचं नाव पुकारलं. ती माईकपाशी गेली. हात कोपरापर्यंत ओले होते.

"माझा प्रयोग झाला," ती म्हणाली.

लोकांना तो विनय वाटला. कुणीतरी हसलं. पोस्टरवर योगीराजचं नाव गेलं.

मागे खोलीत तो टॉवेल गुंडाळून बसला होता. तिला बघून म्हणाला, "थँक्यू. शेवटी झाकण कुणी उघडलं? मला काही आठवेना."

"उघडलं कुणीतरी. बरं वाटतंय का?"

"वाटतंय की. तू दमलीस. घरी जा, बस मिळणार नाही मग." आणि तो कंपनीच्या माणसांशी बोलायला वळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कस्तुरीला त्याच्या बोलण्यात तिच्याविषयीची काळजी सहज कळली, कारण ती साधी होती. त्याने कुणाचीही केली असती तशी.

पुढच्या आठवड्यात दुकानात विद्या आली. मुकुंदराव मोजमाप घेत होते. त्यांनी एकदा कस्तुरीच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि गिऱ्हाईक घेऊन बाहेर उजेडात गेले.

"अक्का, दादाला काय झालंय?" विद्या स्टुलावर बसली. "डॉक्टर म्हणतात, पाण्यात श्वास कोंडला, मेंदूला जरा हवा कमी पडली. येईल म्हणतात हळूहळू. आमच्या विहिरीत बाबांनी त्याला पोहायला शिकवलं, ते आठवत नाही त्याला. आजीचं नाव विचारून घेतलं माझ्याकडून. आणि तुमचं…"

"माझं काय?"

"आई येत्या रविवारी यायची होती इथं. तुमच्या घरी. तुम्हाला माहीत नाही?"

कस्तुरीने मान हलवली.

"त्याने नाहीच सांगितलं म्हणजे." विद्याने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "घरी सगळ्यांना सांगून बसलाय. कस्तुरी अशी बोलते, कस्तुरी अशी चिडते. मी म्हटलं, मग तिला सांग की. तर म्हणायचा, स्पर्धा संपल्याशिवाय नाही. आता बोललो तर तिला वाटेल, तिला पाडायला बोलतोय. फायनल झाली की त्याच रात्री बोलणार होता. आणि आता मी विषय काढला तर म्हणतो, कस्तुरी होय, चांगली मुलगी आहे, स्पर्धेत होती. असं कसं होईल अक्का? भांडलात काय तुम्ही?"

शिवणयंत्रावर अर्धवट शिवलेली बाही होती. कस्तुरी ती बाही उगाच सरळ करत राहिली.

"नाही," ती म्हणाली. "भांडलो नाही."

त्यानंतर तिला झोप लागेना. मांजर आठवायची. मग तो विचार आला, आणि आल्यावर जाईना. आता तिला ठाऊक होतं. त्याच्या मनात काय होतं ते विद्याने तिच्या ओंजळीत आणून ठेवलं होतं. एकदा, फक्त एकदाच त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, आणि या वेळी ती रिकामी जागा भरून त्याला परत आणायचं. त्याला कळणारही नाही. कुणालाच कळणार नाही. कापड कापतानाही तोच विचार यायचा.

दौऱ्याला निघायच्या आदल्या दिवशी योगीराज स्वतःच आला. हातात कपडे नव्हते. दर्शिनीत त्याने सवयीने एक कॉफी सांगितली, तिच्या दोन करून घेतल्या.

"तुला एक विचारायचंय," तो म्हणाला. "मला इथलं सगळं आठवतं. कुठं उभे राहायचो, काय बोललो, अण्णा जाकिटावरनं काय म्हणायचे. फक्त मी इथं एवढ्यांदा का येत होतो, ते सापडत नाही. जाकिटाला माणूस इतक्या वेळा येत नाही. तू होतीस त्या पडद्यात. तुला ठाऊक असेल."

तिने सांगितलं. खिट्टी, टकटक, तळवा, कोट. जिथे ती अडली तेही सांगितलं. विद्या काय बोलली तेही. सांगताना ती त्याच्याकडे बघत नव्हती.

तो ऐकत होता. शेजारच्या टेबलावर कुणीतरी सांबार सांडलं, पोऱ्या फडकं घेऊन आला, गेला.

"म्हणजे मी मेलोच असतो," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"मग तू बरं केलंस." त्याने पेला गोल फिरवला. "पण मग पुरं कर की. आता तुला ठाऊक आहे. विद्याकडून ऐक, आईकडून ऐक, आजीचं, विहिरीचं, सगळं. आणि घालव मला परत एकदा. मी राजी आहे. मी सांगतोय ना."

कस्तुरीने दोन्ही हात टेबलावरून काढून घेतले.

"जे तू बोलला नाहीस ते मला विद्याने सांगितलंय," ती म्हणाली. "ते विद्याला ठाऊक असलेलं आहे. त्यात माझी हाव मिसळेल. ती मला वेगळी काढता येणार नाही. मग तू माझ्यावर जीव टाकशील आणि मला जन्मभर कळणार नाही की टाकतोय कोण. तू, का मी."

"आणि नाही केलंस तर?"

"आता आहेस तसा राहशील. विहिरीचं तुझे बाबा सांगतील, आजीचं आजी. ते तुझं तू ऐक. हळूहळू तुझं होईल."

"आणि हे?" त्याने दोघांच्या मधल्या जागेकडे बोट केलं.

ती रस्त्याकडे बघू लागली.

तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. काहीतरी शोधत होता. तिला ते दिसत होतं, आणि त्याला ते सापडत नव्हतं, हेही दिसत होतं. राग आला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो रागावला नाही. फक्त त्याचा चेहरा पडला.

"तुझ्या मनात होतं?" त्याने विचारलं.

"होतं."

"अजून?"

"चल, बस येईल," ती म्हणाली.

स्टॉपवर गर्दी होती. मार्केटकडून आलेल्या बायका भाजीच्या पिशव्या पायाशी ठेवून उभ्या होत्या. तो दौऱ्यातल्या गावांची नावं सांगत होता, म्हैसूर, हासन, पुढे समुद्राकडे. ती ऐकत होती, मधूनमधून 'सरी', बरं, म्हणत होती. बस आली. चढताना त्याचा पाय पायरीवरून जरासा निसटला आणि तोल सावरायला त्याने हात मागे टाकला, तिच्या दिशेने, उघडा तळवा.

तो हात धरला नाही तिने. मागच्या बाईने त्याला कोपराने आधार दिला, तो आत गेला, खिडकीशी आला आणि त्याने ओळखीच्या माणसाला करावा तसा हात केला. कस्तुरीने मान हलवून त्याला निरोप दिला. बस सिग्नलला थांबली, सुटली, वळणावर दिसेनाशी झाली. भाजीच्या पिशव्यांमधून वाट काढत लोक तिच्या आजूबाजूने जात राहिले, आणि ती तशीच उभी होती, दोन्ही हात पाठीमागे, एका हाताने दुसरं मनगट घट्ट धरून.